अडुसष्ट किलो

नगरसेवकाच्या दारापुढच्या गतिरोधकावरून गाडी पार झाली आणि घासली नाही, तिथून हे सगळं सुरू झालं. दुसरा कुणी असता तर देवाचे आभार मानून त्यानं पुढचा गिअर टाकला असता. हेमचंद्रला मात्र ते खटकलं. तो दात आवळून बसला होता, खांदे कानांपर्यंत चढले होते. गाडी तिरकी धरून त्यानं आधी पुढचं डावं चाक चढवलं, मग उजवं, आणि आता पोट टेकणार, खर्रर्र होणार, म्हणून श्वास धरून ठेवला. खर्रर्र झालंच नाही. मागचं डावं उतरलं, मागचं उजवं उतरलं, रस्ता पुन्हा सपाट झाला. मागे रिक्षावाल्यांचे भोंगे वाजत होते. "चाचा, उठाके ले जाव!" असं एक जण ओरडून गेला. शेजारी उमा डोळे मिटून बसली होती. "झालं का?" तिनं विचारलं. "झालं," तो म्हणाला, आणि त्या क्षणापासून त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही.

कारण हिशेब ठरलेला होता. तो एकटा असला की गाडी या गतिरोधकावरून जेमतेम जायची. शेजारी उमा असली की घासायचीच. चार वर्षांत याला अपवाद नव्हता, म्हणून तर उमाला उतरावं लागायचं. आज ती उतरली नाही. ती पूर्वी शिकवायची त्या शाळेतल्या एका बाईंचा निरोप समारंभ होता, तिकडे दोघं निघाले होते, आणि त्यानं सवयीनं "उतर" म्हटल्यावर ती म्हणाली, "आज नको हो. दमायला झालंय. मी बसूनच राहते." त्याला ते आवडलं नव्हतं. गाडीचं पोट फाटेल याची हिला काय पडलीय, हिला ही गाडी पहिल्यापासून डोळ्यांत सलते, असं मनाशी म्हणत त्यानं ती रागातच पुढे घेतली होती. आणि ती बिनबोभाट गेली. समारंभात पेढा खाताना, भाषणं ऐकताना, उमाच्या मैत्रिणींना नमस्कार करताना त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं. ती जायला नको होती. कुणीतरी काहीतरी केलं आहे.

गाडी दोन दारांची, दोन माणसांची, गडद निळी, आणि इतकी बुटकी की तिच्यात बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं. शहरात मध्यंतरी महागड्या गाड्या घ्यायची लाट आली होती, त्या लाटेत एका कारखानदारानं ती हौसेनं आणली आणि आपल्याच कारखान्याच्या फाटकातल्या उंचवट्यावर दोनदा पोट फोडून घेतल्यावर ताडपत्रीखाली झाकून ठेवली. हेमचंद्र त्याच कारखान्यात तपासणी विभागात चौतीस वर्षं होता. निवृत्त होताना त्यानं ती मागितली, आणि मालकानं ब्याद टळल्यासारखी देऊन टाकली. ज्या घरात सायकलीपलीकडे वाहन आलं नाही अशा कारकुनाच्या घरातला तो मुलगा. तंत्रनिकेतनाच्या वाचनालयात एका इंग्रजी मासिकात त्यानं अशा गाडीचं चित्र पाहिलं होतं, आणि ते पान फाडून घ्यायचं धाडस काही त्याला झालं नव्हतं. लग्नानंतर आठवड्याभरात त्यानं हे उमाला सांगितलं होतं, आणि तीस वर्षांनी गाडी दारात उभी राहिली तेव्हा तिला ते आठवत होतं. "पान फाडलंत अखेर," ती म्हणाली. मग आत डोकावून, "बसता येईल हो. उठवणार कोण?"

उठवायचा तोच. सुरुवातीला तो स्वतः उतरून पलीकडे जायचा, तिचे दोन्ही हात धरून तिला बाहेर ओढायचा, ती हसत हसत उभी राहायची. मग निऱ्या सावरत ती गतिरोधकावरून चालत पलीकडे जायची, रिकामी गाडी तिच्या मागून सरपटत यायची, आणि ती पुन्हा बसायची. "आलं माझं स्टेशन," म्हणायची. सिडकोतल्या घरापासून मुकुंदवाडीपर्यंत अकरा गतिरोधक, आणि तिनं प्रत्येकाला नाव दिलं होतं. डॉक्टरांचा, शाळेचा, मारुतीचा, पिठाच्या गिरणीचा. सगळ्यांत उंच नगरसेवकाचा, त्यानं स्वतःच्या दारापुढे स्वतःच घालून घेतलेला. शहर बायपासच्या पलीकडे पसरत चाललं, शेतांची नावं जाऊन नगरांची नावं आली, तसे गतिरोधकही वाढत गेले. पाणी नसलं तरी डांबर कुठूनतरी यायचंच. गल्लीतल्या लोकांना करमणूक झाली होती. नवऱ्याला गाडी आणि बायको पायी, म्हणायचे. पुढे पुढे त्यानं उतरून हात देणं सोडलं. नुसतं "उतर" म्हणायचा. ती दाराला धरून आपली आपण उठायची, आणि उठायला किती वेळ लागतो याकडे त्याचं लक्ष नसायचं, कारण तेव्हा तो आरशात मागची वाहनं बघत असायचा.

संशय हा त्याचा धंदाच होता. कारखान्यात त्याच्यापुढे रोज हजारो तुकडे यायचे, आणि प्रत्येक तुकडा वाईट आहे असं धरूनच हातात घ्यायचा, हे त्यानं नवख्यांना शिकवलं होतं. भोक तपासायला दोन टोकांचं गेज असायचं. त्याचं एक टोक आत गेलंच पाहिजे आणि दुसरं जाताच कामा नये. पहिलं गेलं नाही तर तुकडा परत द्यायचा, थोडं अजून खरवडून आणायचं. पण दुसरं टोक, जे जायला नको ते, सहज आत गेलं की संपलं. म्हणजे माल जास्त खाल्ला गेला. जास्तीचा काढता येतो, गेलेला भरून आणता येत नाही. तसा तुकडा तो मुकाट्यानं लाल पेटीत टाकायचा. चौतीस वर्षांत त्यानं किती तुकडे लाल पेटीत टाकले असतील कुणास ठाऊक, पण ते टोक आत जातानाची बोटांना जाणवणारी सैल, बिनविरोध घसर त्याच्या हातांना पाठ होती. नगरसेवकाच्या गतिरोधकावरून गाडी गेली ती तशीच गेली होती.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तो पट्टी, सुतळी आणि पाणसळ घेऊन तिथं गेला. कुणीतरी रातोरात गतिरोधक तासला असणार, हा त्याचा पहिला संशय. उन्हाळा असा, की लातूरला आगगाडीनं पाणी चाललं होतं, आणि इथं नळाला पाचव्या दिवशी यायचं, तेही आलं तर. नगरसेवकाच्या दारापुढे बायका हंडे, कळशा, तेलाचे डबे मांडून टँकरची वाट बघत बसल्या होत्या. पट्टी घेऊन वाकलेला माणूस बघून त्या उठून आल्या. "नवी लाइन टाकायलेत का हो साहेब?" एकीनं विचारलं. "नाही, मी गतिरोधक मोजतोय." "त्याला काय मोजायचं? पाणी मोजा की." त्यानं सुतळी ताणून धरली. उंची तीच भरली. चार वर्षांपूर्वी वहीत लिहिलेला आकडा आणि आजचा आकडा, केसाचा फरक नाही. त्याला वाटायला हवं होतं ते समाधान वाटलं नाही. गतिरोधक प्रामाणिक निघाला म्हणजे लबाड दुसरंच कुणीतरी होतं.

दुसरा संशय फकिरावर. मुकुंदवाडी स्टेशनाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये फकिराचं गॅरेज होतं, आणि या गाडीला हात लावण्याची परवानगी शहरात एकट्या त्यालाच होती. महिन्यापूर्वी तेल बदलायला गाडी त्याच्याकडे होती. हेमचंद्रनं गाडी शेडमध्ये घातली आणि सरळच विचारलं, "स्प्रिंगा बदलल्यास?" फकिरा ट्रॅक्टरखाली होता. तो तिथूनच बोलला, "कशाला बदलू सायेब? तुमची गाडी म्हंजी सोवळ्यातली. बोट लावलं तरी तुम्हाला कळतंय." "मग ती उंच कशी झाली?" फकिरा बाहेर आला, हात पुसत. त्यानं गाडीखाली बॅटरी मारली, चारी स्प्रिंगा बघितल्या, टायरची हवा मोजली. "समदं जिथल्या तिथं हाय. गाडी व्हती तीच हाय." मग जरा विचार करून म्हणाला, "आतलं ओझं कमी झालं असंल. डिक्कीतलं काय काढलं का?" हेमचंद्रनं डिक्की उघडून दाखवली. पाना, जॅक, फडकं, आणि उमाची जुनी छत्री, पावसाची वाट बघत पडलेली. सगळं होतं तसं. "मंग तुमचंच वजन घटलं असंल," फकिरा हसला. हेमचंद्रला ते हसणं बरोबर वाटलं नाही. जाता जाता औषधाच्या दुकानातल्या काट्यावर तो उभा राहिला. सत्तर. चार वर्षांपूर्वी सत्तर, आज सत्तर.

फकिरा खोटं बोलतोय असं वाटलं तरी एक प्रश्न उरतच होता. त्यानं गाडी गुपचूप वर उचलली, तर कुणाच्या सांगण्यावरून? आणि इथं हेमचंद्रचं मन घराकडे वळलं. एकदा वळल्यावर त्याला सगळीकडे खुणाच खुणा दिसायला लागल्या. मुलगा चिन्मय पुण्याला नोकरीला होता. त्याचा फोन पूर्वी रविवारी यायचा, आता रोज यायचा. उमा फोन घेऊन गच्चीवर जायची, तो जिन्यात आला की आवाज उतरायचा. परवा त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं: "त्यांना आत्ताच सांगू नकोस. मी बघते कधी सांगायचं ते." काय सांगायचं होतं? चिन्मय वर्षभर एकच टुमणं लावून बसला होता, तिथं पाणी नाही, काही नाही, घर विका, पुण्याला या. पुण्याच्या त्या तळघरातल्या वाहनतळात या गाडीला जागा नव्हती, हे चिन्मयनं हसत हसत सांगितलं होतं, आणि उमाही हसली होती. म्हणजे आधी गाडी. ती उंच करून घ्यायची, म्हणजे गिऱ्हाईक मिळेल. मग घर. आणि शेवटी त्याला उचलून नातवाच्या खोलीत नेऊन ठेवायचं. मायलेकांनी मिळून ठरवलं होतं आणि त्याला पत्ता नव्हता. त्याला घराचं वाईट वाटलं नाही, गाडीचंही नाही तितकं वाटलं. वाईट वाटलं ते उमानं लपवल्याचं. चौतीस वर्षांच्या संसारात ही बाई त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती, आणि आता ती जेवणाच्या ताटावर त्याच्यासमोर बसून, "मला भूक नाही, तुम्ही घ्या," म्हणत सरळ डोळ्यांत डोळे घालून बघायची. त्याला वाटायचं, तोंडावर खोटं बोलते आहे.

भामाबाईचंही तेच. भामाबाई फुलंब्रीकडची, विहीर आटली तशी लेकीकडे शहरात आली, आणि धुणंभांडं करायला लागली. एका सकाळी ती ओट्यापाशी उभी होती आणि तिच्या अंगात उमाचा मोरपंखी झंपर होता. त्यानं स्वतः पैठणहून आणलेल्या साडीवरचा, शंभरात ओळखला असता. "हा कुठून आणलास?" त्यानं विचारलं, आवाज चढवून. भामाबाई घाबरली नाही. "बाईंनीच दिला. त्यांना ढगळ व्हतोय म्हनं. चार दिलेत." ढगळ! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच, तो मनात म्हणाला. भामाबाई त्याच्याकडे बघत राहिली, काहीतरी बोलणार होती, मग पदर खोचून भांडी घासायला लागली. "तुम्ही बघत नाय का सायेब बाईंकडं?" एवढंच म्हणाली, नळाकडे तोंड करून, आणि नळाला पाणी नव्हतं, बादलीतलं ती तांब्यानं मोजून घेत होती. घरातलं कामाचं माणूसही कटात सामील आहे हे आता त्याला स्पष्ट झालं. त्या दोघी बुधवारी आणि शनिवारी सकाळी रिक्षानं कुठंतरी जायच्या. उमा म्हणायची, भाजीला. भाजीला रिक्षा? आणि परत येताना पिशवीत दोन लिंबं आणि कोथिंबीर.

शनिवारी त्यानं पाठलाग केला. हे सांगताना हसू येतं, आणि त्याला स्वतःलाही नंतर आलं असतं, जर ते हसण्यासारखं राहिलं असतं. शहरातली सगळ्यांत वेगवान गाडी घेऊन तो एका रिक्षाच्या मागे लागला. डॉक्टरांच्या गतिरोधकावरून रिक्षा टुणकन उडी मारून गेली. हेमचंद्र थांबला, गाडी तिरकी केली, एक एक चाक चढवलं, उतरवलं. रिक्षा शंभर पावलं पुढे. त्यानं दाबून अंतर तोडलं, तोवर शाळेचा आला. रिक्षा पुन्हा उडाली. उडताना मागच्या बाजूनं त्याला उमाचं डोकं दिसलं, भामाबाईच्या खांद्यावर टेकलेलं. किती लाडात आली आहे, त्याला वाटलं, कामवालीच्या खांद्यावर डोकं! मग रिक्षा आडगल्लीत वळली, तिथं जलवाहिनीसाठी खणून ठेवलेला चर होता, वर्षभर तसाच. रिक्षा त्यातून डुलत डुलत गेली आणि तो चराच्या काठावर उभा राहिला, तीनशे घोड्यांची ताकद पायाखाली घेऊन. बारा वर्षांचं पोरही सायकल उचलून पलीकडे गेलं असतं. रिक्षा मोठ्या रस्त्याला लागली, दवाखान्यांच्या बाजूला वळली आणि गर्दीत दिसेनाशी झाली. तिकडे दवाखाने आहेत तशा जमिनीच्या दलालांच्या कचेऱ्याही आहेत. त्याच्या मनानं दलाल निवडला.

रविवार त्यानं वहीत घालवला. गाडी घेतल्या दिवशी सुरू केलेली वही, पहिल्याच पानावर त्याच्या बारीक, कोरीव अक्षरात: चालक सत्तर किलो, प्रवासी अडुसष्ट किलो. तेव्हा त्यानं उमाला काट्यावर उभं केलं होतं आणि ती लाजली होती, "आकडा मोठ्यानं वाचू नका," म्हणाली होती. एकटा असताना गतिरोधकापासून पोट बारा मिलिमीटर वर. उमा बसली की चौदा मिलिमीटर खाली, म्हणजे दोनानं घासणार. गणित चोख होतं. गतिरोधक तोच, स्प्रिंगा त्याच, हवा तीच, चालक तोच. चार गोष्टी तपासून झाल्या. पाचवी तपासायची राहिली होती, आणि ती तपासायची आहे हे डोक्यात आल्याबरोबर त्याला बरं वाटेनासं झालं. तरी तो उठला. संशय आला की तपासायचंच, हे त्यानंच तर चौतीस वर्षं इतरांना शिकवलं होतं. उमाला पुन्हा काट्यावर चढायला सांगणं सरळ होतं. ते त्याला सुचलं नाही असं नाही. हिंमत झाली नाही, म्हणून त्यानं लांबचा रस्ता धरला.

सोमवारी सकाळी त्यानं वीस लिटरचे तीन जार भरून आणले. रिकाम्या जारांचं वजन वजा करून, वर डब्यात पाणी घालून, अडुसष्ट किलो भरलं. दोन जार आसनावर पट्ट्यानं बांधले, बाकीचं पायाशी. बाजूला एक लिटरचं माप ठेवलं. नगरसेवकाच्या दारापुढे बायका होत्याच. टँकर आला नव्हता. पाणी गाडीत बसून फिरायला चाललंय हे बघून आधी त्या हसल्या, मग एक जण खवळली. "इथं घोटभर मिळंना, आन हे पान्याला हवा खाऊ घालायलेत!" हेमचंद्रनं ऐकलं न ऐकलंसं केलं आणि गाडी तिरकी घेऊन चढवली. खर्रर्र. त्या आवाजानं त्याला इतका आनंद झाला की तो एकटाच मोठ्यानं हसला. अडुसष्टला घासते! मग तो उतरला, मापानं दोन लिटर काढले. आता ते टाकायचे कुठे? पुढे उभ्या असलेल्या म्हातारीनं न बोलता कळशी पुढे केली. त्यानं कळशीत ओतलं. मागे घेतली, पुन्हा चढवली. खर्रर्र. दोन लिटर. बायकांना आता खेळ समजला होता, त्यांनी रांग लावली. चौसष्ट. खर्रर्र. बासष्ट. घासली, पण आवाज पातळ होता. एवढ्यावरच थांबावं असं त्याला फार वाटलं. हात मात्र माप भरत होता. साठला गाडीखालून नुसती कुजबूज झाली, डांबराला नख लागल्यासारखी. आणि अठ्ठावन्नला काहीच झालं नाही. गाडी सैल, बिनविरोध पलीकडे उतरली. त्याच्या हातांना ते ओळखीचं होतं.

तो स्टिअरिंग धरून बसून राहिला. गेज एवढंच सांगतं, गेलं की नाही गेलं. आकार सांगत नाही. गतिरोधक सांगत होता, अठ्ठावन्न किंवा त्याहून कमी; किती कमी, ते सांगत नव्हता. बांगड्या आठवल्या. ताट वाढताना त्या आताशा मनगटावरून कोपरापर्यंत जायच्या, आणि त्या आवाजाचा त्याला त्रास व्हायचा. झंपर आठवला. भामाबाईच्या खांद्यावरचं डोकं आठवलं. दमायला झालंय, ती म्हणाली होती. रोज समोर बसणारं माणूस शेजारच्या आसनावरून दहा किलोनं निघून गेलं, आणि तो रस्ता मोजत होता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली. काचेवर टकटक झाली. म्हातारी होती, रिकामा डबा घेऊन आलेली. "आजून काढा की सायेब." "नाही, आता नाही काढायचं." "लई हाय की त्यात. समदंच द्या. कोनासाठी ठेवता?" त्यानं शेजारच्या आसनावर हात ठेवला, जारांवर, आणि म्हणाला, "नको आजी. एवढं राहू द्या. एवढं तरी राहू द्या." म्हातारीला वाटलं हा माणूस कंजूष आहे. बडबडत ती टँकरच्या रांगेत जाऊन बसली.

उमा दिवाणावर पडली होती. तो आला तेव्हा उठायला लागली. त्यानं पूर्वीसारखे तिचे दोन्ही हात धरून तिला उठवून बसवलं, आणि ते इतकं सोपं गेलं की तो तसाच हात धरून राहिला. "किती झालं?" त्यानं विचारलं. कशाबद्दल विचारतोय हे तिला सांगावं लागलं नाही. "बावन्न," ती म्हणाली. "परवाचं. शनिवारचं." पोटात गाठ होती. चार महिने झाले होते. बुधवारी तपासणी, शनिवारी सलाईन. चिन्मयला माहीत होतं, भामाबाई बरोबर यायची. डॉक्टर म्हणत होते औषध लागू पडेल, पडणार नाही असंही म्हणत नव्हते. हे सगळं ती शाळेतला धडा सांगावा तसं सरळ सांगत गेली. "आणि मला?" तो म्हणाला. "तुम्ही मोजत बसला असतात हो," ती म्हणाली. "रोज सकाळी काट्यावर उभं केलं असतंत, वहीत आकडा लिहिला असतात. मला आकडा नको होता बघायला. आणि तुमचं तोंडही, तो लिहितानाचं." वही त्याच्या काखेतच होती.

बुधवारी भामाबाईला त्यानं घरी ठेवलं. "जपून न्या," ती दारातून म्हणाली, आणि ते गाडीबद्दल नव्हतं. त्यानं उमाला हात धरून बसवलं, पट्टा लावला. तो पट्टा दोन बोटं आवळून घ्यावा लागला, तेव्हा त्यानं मान वळवली. डॉक्टरांचा गतिरोधक तिरका घेतला. पार. शाळेचा. पार. गाडी इतकी अलगद जात होती की त्याला ते सहन होईना. चार वर्षं त्यानं ज्या आवाजाला भिऊन या बाईला रस्त्यावर उतरवलं, तो आवाज आता एकदा तरी यावा असं त्याला वाटत होतं. नगरसेवकाचं घर आलं. उमाचा हात सवयीनं दाराच्या कडीकडे गेला. "आलं माझं स्टेशन," ती पुटपुटली. "बसून राहा," तो म्हणाला. त्यानं गाडी तिरकी केली नाही. स्टिअरिंग नाकासमोर धरलं आणि दोन्ही चाकं एकदम चढवली. पोट टेकलं. खर्रर्रर्र, पुढून मागेपर्यंत, लांबलचक, पायांच्या तळव्यांतून दातांपर्यंत गेलं. टँकरच्या रांगेतल्या बायकांनी वळून बघितलं.

उमानं डोळे उघडले. "घासली!" ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. "घासली," तो म्हणाला. "म्हणजे आहे की हो माझं वजन अजून." "आहे तर." ती हसली, मागे टेकली. थोडा वेळ रस्ता नुसता सरत राहिला, चुन्याच्या खुणा केलेले रिकामे प्लॉट, उलथे पडलेले हंडे. मग ती त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "तुम्ही तिरकी नाही घेतलीत." त्याला समोरचं नीट दिसत नव्हतं, म्हणून त्यानं वेग कमी केला. पुढे मारुतीचा गतिरोधक येत होता.

"तोही सरळच घ्या," उमा म्हणाली.